शून्य किमतीचा रोखा

16 जानेवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयानं दूरसंचार कंपन्यांच्या फेरविचार याचिका फेटाळल्या. सरकारची प्रचंड थकबाकी भरण्यावाचून गत्यंतर नाही, हे स्पष्ट झालं. त्याच रात्री फ्रँकलिन टेम्पलटन म्युच्युअल फंडानं आपल्या काही योजनांमधल्या व्होडाफोन आयडियाच्या कर्जरोख्यांची किंमत शून्य लावली. त्या रोख्यांचे पैसे तोवर बुडालेले नव्हते. तरी दुसऱ्या दिवशी या योजनांची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचं मूल्य, काही टक्क्यांनी खाली आलेली दिसली. मुदत ठेवीला पर्याय म्हणून घेतलेल्या फंडात एका रात्रीत असं होऊ शकतं, हे अनेक कुटुंबांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पुढे जुलै 2020 मध्ये, मुदत भरलेल्या रोख्यांचे पैसे कंपनीनं व्याजासह पूर्ण चुकते केले.

मग जानेवारीतलं शून्य चूक होतं का? जुलैत पैसे आले म्हणून ते चूक, असं म्हणता येणार नाही. जानेवारीतल्या किमतीनं जुलैचं भाकीत करायचं नसतं. तिनं त्या दिवशीच्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं. आंतरराष्ट्रीय लेखा मानकांत हा प्रश्न 2011 साली आयएफआरएस 13 मध्ये नेमका मांडला गेला आणि 2015 मध्ये ‘इंड एएस 113’ या नावानं तो आपल्याकडे आला. बाजाराची माहिती असलेले, कुणाच्याही दडपणाखाली नसलेले विकणारा आणि घेणारा आज रीतसर व्यवहाराला बसले, तर ही वस्तू विकून किती पैसे हाती येतील? तेवढं तिचं वाजवी मूल्य. आपण ती कितीला घेतली होती, ती मुदतीपर्यंत ठेवायचा आपला विचार आहे की नाही, आपल्याला पैशांची निकड आहे का, यातलं काहीही हिशेबात येत नाही. अडलेल्या माणसानं मिळेल त्या भावाला फुंकलेली वस्तू हे वाजवी मूल्य नव्हे, आणि ‘माझ्यासाठी तिचं मोल फार आहे’ हेही नव्हे.

या कसोटीवर शून्य पटत नाही. सरकारकडून काही मार्ग निघेल अशी आशा बाजारात होती, आणि त्या आशेला काहीतरी किंमत होती. शंभरातले वीस, तीस, चाळीस देऊन असे रोखे उचलणारे लोक जगात असतात. पण आपल्याकडे ‘वाईटात वाईट धरून चालावं’ ही हिशेबाची जुनी शिकवण आहे. कमी धरलं तर कुणाचं नुकसान होत नाही, असं आपण मानतो. म्युच्युअल फंडात ही समजूत साफ खोटी ठरते, आणि हा सगळा विषय कळायचा असेल तर ते नीट पाहायला हवं.

फंडात रोज कुणी आत येतं, कुणी बाहेर पडतं, आणि दोघांचाही हिशेब त्या दिवशीच्या एनएव्हीनं होतो. रोख्याची किंमत शून्य असताना जो बाहेर पडला, त्याला त्या रोख्याचा एक पैसाही मिळाला नाही. त्याचा वाटा मागे राहिलेल्यांच्या पदरात पडला. त्याच एनएव्हीनं नवा माणूस आत आला, तर जुन्यांच्या संभाव्य वसुलीत तो फुकटचा वाटेकरी झाला. हे टाळायला फंडानं नव्या मोठ्या रकमांवर मर्यादा घातली. 24 जानेवारीला मानांकन घसरल्यावर हे रोखे मूळ योजनेतून वेगळे काढून ‘साइड पॉकेट’मध्ये ठेवले गेले. वसुली झालीच तर ती त्या दिवशीच्या युनिटधारकांची, असा त्याचा अर्थ. अशी सोय करायला बाजार नियामक सेबीनं डिसेंबर 2018 मध्ये परवानगी दिली होती. पण मधल्या आठवड्यात घाबरून बाहेर पडलेल्यांना तिचा उपयोग झाला नाही. उलट बाजूही तितकीच खरी. फंडानं रोखा शंभराचा शंभरच धरला असता आणि तो पुढे बुडाला असता, तर आधी पळालेल्यांनी मागे राहिलेल्यांच्या पैशांतून आपली पूर्ण रक्कम नेली असती.

वडिलोपार्जित घराच्या वाटणीत हेच घडतं. एक भाऊ घर ठेवतो, दुसरा पैसे घेऊन बाजूला होतो. घराची किंमत कमी लावणं ‘सावधपणा’ ठरत नाही. ते एका भावाच्या ताटातला घास दुसऱ्याच्या ताटात वाढणं असतं.

म्हणून कुठलंही मूल्यांकन समोर आलं की मी आधी एकच गोष्ट शोधतो: या आकड्यानं कोण आत येतंय आणि कोण बाहेर पडतंय? सेबीच्या नियमांत म्युच्युअल फंडांच्या गुंतवणुकीचं मूल्य ‘प्रत्यक्ष विकून मिळेल’ त्या रकमेशी जुळणारं असावं, असं तत्त्व 2012 पासून आहे. तरीही अल्प मुदतीच्या रोख्यांना बरीच वर्षं एक सवलत होती. खरेदी किमतीत रोज थोडं व्याज मिळवत जायचं आणि बाजाराकडे फारसं पाहायचं नाही. त्यामुळे एनएव्हीची रेघ सरळ, गुळगुळीत दिसायची. 2018 मध्ये आयएल अँड एफएस ही मोठी वित्तसंस्था कोसळल्यावर त्या रेघेवरचा विश्वास उडाला आणि 1 एप्रिल 2020 पासून ती सवलत पूर्ण बंद झाली.

आता अडचण अशी की बहुतेक कर्जरोख्यांना रोजचा भाव नसतो. रिलायन्सचा शेअर दिवसात लाखो वेळा हात बदलतो. एखाद्या मध्यम कंपनीचा रोखा महिनोन् महिने कुणी विकतही नाही. म्हणून मानकानं मूल्याच्या तीन पातळ्या केल्या. नेमक्या त्याच वस्तूचा चालू बाजारातला भाव समोर असेल तर पहिली. त्याच वस्तूचा नसला, तरी तिच्यासारख्या रोख्यांचे व्याजदर किंवा परतावे बाजारात दिसत असतील आणि त्यांवरून गणित मांडता येत असेल तर दुसरी. आणि गणितातला महत्त्वाचा आकडा कुठेच दिसत नसेल, तो आपणच अंदाजानं घालावा लागत असेल, तर तिसरी. तिसऱ्या पातळीवरचं मूल्य खोटं नसतं. पण ते कुणाच्या तरी मतावर उभं असतं, आणि ते मत उघड करणं कंपनीवर बंधनकारक आहे. वार्षिक अहवालाच्या मागच्या भागात, टिपांमध्ये, हा तक्ता असतो. कोणता दर गृहीत धरला, तो एक टक्का हलला तर मूल्य किती हलतं, हे तिथे छापलेलं असतं. माझ्या मते अहवालातलं ते सगळ्यांत प्रामाणिक पान आहे, आणि सगळ्यांत कमी वाचलं जाणारं.

गृहीतकात किती ताकद असते याचा धडा मार्च 2021 मध्ये मिळाला. बँकांच्या ‘एटी 1’ रोख्यांना परतफेडीची तारीखच नसते; पण ठरावीक वर्षांनी बँक ते परत घेईल असं बाजार धरून चालतो. आदल्याच वर्षी येस बँकेचे असे 8,415 कोटींचे रोखे पुसले गेले होते. सेबीनं सांगितलं, एटी 1 रोखे शंभर वर्षांचे समजून मूल्य लावा. रोखा तोच, बँक तीच, व्याज तेच. पण मुदत दहाऐवजी शंभर धरली की अपेक्षित परताव्यातल्या लहानशा फरकानंही किंमत मोठी हलते. अर्थ मंत्रालयानं दुसऱ्याच दिवशी आक्षेप घेतला आणि महिना संपायच्या आत सेबीनं टप्प्याटप्प्याचं वेळापत्रक दिलं. ऑगस्ट 2024 मध्ये बँक जिथे परत घेऊ शकते त्या तारखेपर्यंतचं गणित मान्य झालं. ते इंड एएस 113 शी सुसंगत आहे, कारण घेणारे-विकणारे प्रत्यक्षात त्याच तारखेकडे पाहून सौदा करतात.

फ्रँकलिनच्या गोष्टीचा पुढचा भागही सांगायला हवा. टाळेबंदीत पैसे काढणाऱ्यांची रीघ लागली, रोख्यांना गिऱ्हाईक उरलं नाही आणि 23 एप्रिल 2020 रोजी फंडानं सहा योजना बंद केल्या. सुमारे 25 हजार कोटी रुपये अडकले. न्यायालयाच्या देखरेखीत ही विक्री-वसुली एसबीआय म्युच्युअल फंडाच्या व्यवस्थापन कंपनीकडे गेली, आणि टप्प्याटप्प्यानं गुंतवणूकदारांना मिळालेली एकूण रक्कम बंद करतानाच्या मूल्याहून अधिक भरली. म्हणजे मूल्य फुगवलेलं नव्हतं. अडचण वेगळीच होती: रीतसर व्यवहाराला वेळ लागतो, आणि फंडानं गुंतवणूकदारांना पैसे लगेच देण्याचं वचन दिलं होतं. वाजवी मूल्य म्हणजे हातात रोकड, असं समजणाऱ्यांनी ही घटना विसरू नये.

इमारतींकडे वळलं की वेळेचा हा प्रश्न आणखी वाढतो. भाड्यासाठी किंवा किंमत वाढेल म्हणून बाळगलेली जमीन-इमारत म्हणजे गुंतवणूक मालमत्ता. स्वतःचं कार्यालय किंवा कारखाना यात येत नाही. गुंतवणूक मालमत्तेचं मूल्य बहुतेकदा भाड्यावरून काढतात. समजा, एका कार्यालयीन इमारतीचं खर्च वजा जाता वर्षाचं भाडं 8 कोटी आहे. अशा मालमत्तेवर घेणारा 8 टक्के परतावा मागत असेल, तर मूल्य 100 कोटी. त्यानं 9 टक्के मागितले तर सुमारे 89 कोटी, 7 वर तो राजी झाला तर 114 कोटींच्या वर. वीट हललेली नाही, भाडेकरू तोच आहे. तरी 25 कोटींचा फरक फक्त एका दरातून येतो, आणि तो दर कुठल्याही फलकावर लागत नाही. म्हणूनच गुंतवणूक मालमत्तेचं मूल्य जवळपास नेहमी तिसऱ्या पातळीवर असतं.

महाराष्ट्रात अनेकांना वाटतं की रेडी रेकनर हा सरकारी दरतक्ता असताना एवढा खटाटोप कशाला. पण तो तक्ता मुद्रांक शुल्कासाठी आहे. त्याला विभाग आणि बांधकामाचा प्रकार कळतो. भाडेकरार किती वर्षांचा उरलाय, तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू भाडं देतो का, हे कळत नाही.

मुंबईतली पागडीची, म्हणजे जुन्या संरक्षित भाडेकरूंची, इमारत घ्या. गिरगावात किंवा लालबागेत मोक्याच्या जागी उभी, आणि घरभाडं महिन्याला काहीशे रुपये. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाडं वर्षाला 4 टक्के वाढवता येतं. ‘रिकामी असती तर एवढे कोटी’ हा हिशेब इथे चालत नाही, कारण घेणाऱ्याला ती रिकामी मिळणार नाही; भाडेकरूंचा हक्क इमारतीबरोबरच जातो. मात्र तळमजल्यावर बँकेची शाखा असेल, तर तिला या कायद्याचं संरक्षण नाही. तिथे बाजारभावानं भाडं मागता येतं. एकाच छपराखाली दोन जागांचं प्रति चौरस फूट मूल्य त्यामुळे कितीतरी वेगळं निघतं. शिवाय मानक सांगतं की जमीन-इमारतीचा सर्वांत लाभदायक वापर धरा, पण तो प्रत्यक्षात शक्य, कायद्यात बसणारा आणि पैशांच्या दृष्टीनं परवडणारा हवा. म्हणजे पुनर्विकासाची शक्यता मोजायची. त्याचबरोबर भाडेकरूंची संमती, संक्रमण शिबिराचा खर्च, रस्त्याची रुंदी, मिळणारा एफएसआय (चटई क्षेत्र निर्देशांक) आणि या सगळ्यात जाणारी वर्षं यांची वजावटही करायची. शेजारच्या भूखंडाचा भाव पेपरात वाचून तो आपल्या जागेला लावणारे मालक हीच वजावट विसरतात.

जगात अनेक ठिकाणी कंपन्या अशा मालमत्तेचं वाजवी मूल्य थेट ताळेबंदात घेतात आणि वाढ नफ्यात दाखवतात. अशा मालमत्तेसाठीच्या आपल्या इंड एएस 40 या मानकात ती मुभा नाही. ताळेबंदात खरेदी किंमत वजा घसारा, आणि वाजवी मूल्य टिपेत. मला हा निर्णय पटतो. कंपनीचा भागधारक शेअर बाजारात शेअर विकून बाहेर पडतो. कंपनीच्या ताळेबंदातल्या इमारतीच्या आकड्यानं त्याला पैसे मिळत नाहीत. तिसऱ्या पातळीवरचं मत नफा म्हणून मिरवू देण्यापेक्षा ते टिपेत, गृहीतकांसह ठेवलेलं बरं. अट एकच, टीप मन लावून लिहिलेली हवी. कितीतरी कंपन्या तिथे दोन ओळींत विषय गुंडाळतात.

रीटचं, म्हणजे भाड्याच्या इमारतींत अनेकांचे पैसे गुंतवणाऱ्या न्यासांचं, तसं नाही. 2014 च्या सेबी नियमांनुसार त्यांना सगळ्या मालमत्तांचं वर्षातून एकदा पूर्ण मूल्यांकन आणि सहामाहीला फेरआढावा घ्यावा लागतो. एकाच मालमत्तेचं मूल्यांकन एका मूल्यांककाला सलग चार वर्षांहून जास्त करता येत नाही. ऐरोली आणि पुण्यातल्या इमारती असलेला माइंडस्पेस असो वा 1 एप्रिल 2019 रोजी सूचिबद्ध झालेला देशातला पहिला रीट एम्बसी, त्यांच्या युनिटचा बाजारभाव आणि मूल्यांकनातून निघालेली एनएव्ही यांत फरक दिसतो. त्यानं बिचकू नये. बाहेर पडणारा बाजारभावानं पडतो. मूल्यांककाचा आकडा खऱ्या अर्थानं कळीचा ठरतो तो रीट आपल्याच प्रवर्तकाकडून इमारत विकत घेतो तेव्हा. तिथे एक रुपया जास्त लागला तर तो युनिटधारकांच्या खिशातून जातो, म्हणून अशा खरेदीला दोन स्वतंत्र मूल्यांककांचे अहवाल लागतात. ते अहवाल युनिटधारकांनी आवर्जून वाचावेत, आणि आधी बघावा तो गृहीत धरलेला परताव्याचा दर.

बँकांसाठी रिझर्व्ह बँकेनं 1 एप्रिल 2024 पासून जे नवे नियम लागू केले, त्यांत या तिसऱ्या पातळीबद्दल एक कडक कलम आहे. अशा गुंतवणुकीवरचा न वसूल झालेला निव्वळ नफा नफा-तोटा पत्रकात दिसू शकतो, पण त्यातून लाभांश देता येत नाही, आणि भांडवलाच्या मुख्य गणनेतून तो वजा होतो. कंपन्यांनाही कंपनी कायद्याच्या कलम 123 नुसार लाभांशाचा हिशेब करताना वाजवी मूल्यातल्या बदलातून आलेली वाढ बाजूला काढावी लागते. कुटुंबाच्या भागीदारी पेढीसारख्या ज्यांना असं कलम लागू नाही, त्यांनीही भागीदार बाहेर पडताना पुस्तकी किमतीवर हिशेब मिटवण्याआधी जागेचं मूल्य नोंदणीकृत मूल्यांककाकडून काढून घ्यावं आणि कोणता दर धरला ते कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात.