डबल बीच्या शेतात उभा राहिलेला मॉल

कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसा शहरातला ‘साउथ कोस्ट प्लाझा’ हा अमेरिकेतला एक नामांकित मॉल. तो ज्या जमिनीवर उभा आहे, ती सेगरस्ट्रॉम या शेतकरी कुटुंबाची. मूळचे स्वीडनचे सी. जे. सेगरस्ट्रॉम १८९८मध्ये ऑरेंज काउंटीत आले आणि शेती करू लागले. पुढे हे घराणे लायमा बीनच्या, म्हणजे आपल्या वाण्याकडे मिळणाऱ्या डबल बीच्या, पिकासाठी ओळखले गेले.

लॉस एंजेलिसची वस्ती दक्षिणेकडे पसरत गेली, महामार्ग आले, शिवाराचे भाव चढले. अशा वेळी जमीन विकून मोकळे होणे सोपे होते. तिसऱ्या पिढीतल्या हेन्री सेगरस्ट्रॉम यांनी आपल्या चुलतभावासह तिथे बाजारपेठच उभारली. १९६७मध्ये मॉल सुरू झाला. हेन्री २०१५मध्ये वारले. मालकी मात्र घरातच राहिली. बांधावरून भाऊबंदकी पाहिलेल्या आपल्या वाचकाला यातली एकजूट विशेष वाटेल.

शेतीची आठवणही त्यांनी मनापासून जपली. मॉलजवळच्या ‘कॅलिफोर्निया सिनॅरिओ’ या शिल्पोद्यानात शिल्पकार इसामू नोगुची यांनी ग्रॅनाइटचे प्रचंड दगड एकमेकांत बसवून शिल्प रचले. त्याचे नाव ‘द स्पिरिट ऑफ द लायमा बीन’. शेजारच्या कलासंकुलासाठीही जमीन याच कुटुंबाने दिली. तिथले पहिले नाट्यगृह १९८६मध्ये खुले झाले.