सेवाग्रामातला नास्तिक

गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमात दोन्ही वेळची प्रार्थना कधी चुकत नसे. १९४४ च्या अखेरीस तिथे देव न मानणारा पाहुणा येऊन राहिला. त्यांचे नाव गोपराजू रामचंद्र राव, म्हणजेच गोरा. वनस्पतिशास्त्राच्या या अध्यापकाची काकीनाड्याच्या कॉलेजातली नोकरी १९३३ मध्ये नास्तिक मतांपायी गेली होती. १९४० साली त्यांनी आंध्रातल्या मुदुनूर खेड्यात नास्तिक केंद्र काढले होते.

आपल्या जुन्या दर्शनांत नास्तिक म्हणजे वेद न मानणारा. जगाचा कर्ता ईश्वर नाकारणारे मीमांसकही तिथे आस्तिकांतच मोडतात. गोरांचा नकार मात्र थेट देवालाच होता. तरीही गांधीजींशी झालेल्या त्यांच्या बोलण्याचा रोख देवाच्या पुराव्यांवर राहिला नाही. नास्तिकतेने माणसात काय बदलते, यावर तो आला. गोरांचे म्हणणे असे, की देवावर नि दैवावर भार टाकला की माणूस गरिबी आणि अस्पृश्यता मुकाट सोसतो. देव नाही म्हटले की जबाबदारी आपल्याच अंगावर येते. माझी आस्तिकता खरी आणि तुमची नास्तिकता चूक, असे मी म्हणू शकत नाही, अशी गांधीजींची भूमिका होती.

हा निव्वळ शिष्टाचार नव्हता. ‘ईश्वर सत्य आहे’ हे आपले सूत्र गांधीजींनी १९३१ पर्यंत फिरवून ‘सत्य हाच ईश्वर’ असे केले होते. ईश्वर नाकारणारेही सत्य नाकारत नाहीत, हे त्यामागचे कारण. यावर आक्षेप घेता येतो, आणि तो मला रास्त वाटतो: शब्दाचा अर्थ इतका ऐसपैस केला, तर नास्तिकाने नाकारायचे तरी काय? पण अर्थाचा हा वाद सुटेपर्यंत दोघे थांबले नाहीत. अस्पृश्यता मोडायची, यावर त्यांचे एकमत होते. मला या संवादाचे मोल तिथेच दिसते.

गोरांनी आपल्या मुलीचे लग्न एका दलित तरुणाशी ठरवले. ते सेवाग्रामातच लावायचे गांधीजींनी मान्य केले आणि विधीत देवाच्या जागी सत्याचे नाव घ्यायलाही संमती दिली. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. लग्न १३ मार्चला ठरल्याप्रमाणे सेवाग्रामात लागले.