सायकलवाल्यालाही कायदा असतो

"परवाना नको, विमा नको, मग सायकलवाल्याला कायदा कसला?" हा प्रश्न मीही मोठ्या रुबाबात विचारीत असे. उत्तर गेल्या पावसाळ्यात मिळाले.

संध्याकाळचे सात वाजले होते. वळसा टाळण्यासाठी टिळकवाडीतून मी उजव्या कडेने, दिव्याशिवाय चाललो होतो. पुढे भाजीची रिकामी पाटी घेतलेल्या एक मावशी पाठमोऱ्या जात होत्या. समोरची वाहने दिसावीत म्हणूनच त्या उजवीकडून चालत होत्या. मागून त्याच कडेने कोणी येईल, हे त्यांच्या मनातही नव्हते. मी ब्रेक दाबले, पण उशीर झाला होता. मावशींचे मनगट मोडले. "दिवा तरी लावायचा की रे बाळा," एवढेच त्या म्हणाल्या.

१९८८ चा मोटार वाहन कायदा यंत्राने चालणाऱ्या वाहनांना परवाना आणि विमा सक्तीचा करतो. सायकल त्यात बसत नाही, हे खरे. परंतु १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये 'मोटार' हा शब्दच नाही. सार्वजनिक रस्त्यावर कोणतेही वाहन बेदरकारपणे चालवून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जुन्या दंडसंहितेतही २७९ वे कलम असेच होते.

आता थोडे गणित. ताशी १५ किलोमीटर वेगाने सायकल सेकंदाला चार मीटरांहून अधिक जाते. संकट दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद सहज जातो. पावसात तर रिमवरचे पाणी पुसले जाईपर्यंत रबर पकडतच नाही. म्हणून पावसात वेग आधीच कमी करावा, दोन्ही ब्रेक एकदम वापरावेत आणि डावी बाजू सोडू नये. रेल्वेफाटकातले ओले रूळ तिरके ओलांडू नयेत. चाक रुळाला काटकोनात न्यावे, नाहीतर सरळ उतरावे. पुढे पांढरा व मागे लाल दिवा लावावा. तो आपल्याला रस्ता दिसावा यासाठी जितका, तितकाच आपण इतरांना दिसावे यासाठी असतो.

मावशींचा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. मोटारीने धडक दिली असती तर विम्यातून भरपाई मागता आली असती. माझ्या सायकलला विमा कुठला? शिकवणीच्या पैशांतून औषधपाणी भागवले, पण त्यांची बुडालेली मिळकत काही मला भरून देता आली नाही.

मित्रहो, परवाना नसल्यामुळे आपली जबाबदारी कमी होत नाही. उलट ती सगळी आपल्याच खांद्यावर येते.