मचूळ पाणी गोडे करणारी सौरयंत्रे व त्यांवरील दूरची देखरेख

पंचगंगेच्या काठी राहणाऱ्या माणसाला दुरून पाण्यावर नजर ठेवण्याची कल्पना नव्याने समजावून सांगावी लागत नाही. आषाढ-श्रावणात पाऊस लागून राहिला, की कोल्हापुरापासून शिरोळपर्यंत घरोघर एकच प्रश्न विचारला जातो : राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट आहे ? ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे शाळेतील मुलांनाही पाठ आहेत. नदी प्रत्यक्ष न पाहता, केवळ त्या आकड्यावरून, जनावरे केव्हा हलवावयाची आणि नदीकाठची मोटार केव्हा वर काढावयाची हे शेतकरी ठरवितो. पाण्याच्या उंचीबाबत ही सवय आपणांस महापुरांनी लावली. पाण्यातील क्षारांबाबत मात्र ती अद्याप लागलेली नाही. मचूळ पाणी सूर्यशक्तीवर गोडे करणारी यंत्रे आता खेड्यांच्या आवाक्यात येऊ लागली असल्याने या विषयाचा विचार शेतकरी बंधूंनी वेळीच करावा, म्हणून हा लेख.

शिरोळ तालुक्यात कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा अशा चार नद्यांचे पाणी आहे. पाण्याचा एवढा सुकाळ असूनही तेथील कित्येक विहिरींचे पाणी मचूळ का, असा प्रश्न बाहेरचा माणूस विचारतो. उत्तर त्या सुकाळातच आहे. भारी काळी जमीन, उपसा सिंचनाचे भरपूर पाणी, वर्षानुवर्षे ऊस आणि निचऱ्याची सोय नाही, अशा स्थितीत भूजल हळूहळू वर येते. ते मुळांच्या थरापर्यंत आले, की मातीतील बारीक छिद्रांतून आणखी वर चढते, पृष्ठभागी वाळते आणि क्षार मागे ठेवते. शेतकरी ज्याला रानात मीठ फुटणे म्हणतात ते हेच. अशा रानांवर खरा उपाय निचऱ्याचा. शिरोळच्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घालून क्षारपड जमिनी सुधारण्याचे जे काम झाले आहे, ते जिल्ह्याबाहेरचे शेतकरीही येऊन पाहतात. तथापि जमीन सुधारेपर्यंत वस्तीवरच्या माणसांना व जनावरांना पाणी तर लागतेच. गोडे पाणी करणाऱ्या यंत्राची जागा येथे आहे.

सूर्याच्या उष्णतेने खारे पाणी गोडे करण्याची युक्ती जुनी आहे. चिली देशातील लास सालिनास येथे १८७२ साली चार्ल्स विल्सन या अभियंत्याने काचेच्या उतरत्या छपराखाली खारे पाणी तापवून, काचेवर जमणारे थेंब गोळा करण्याची मोठी व्यवस्था उभारली होती. सोऱ्याच्या खाणींवर राबणाऱ्या खेचरांना ते पाणी पाजीत. ही रीत साधी, परंतु तीस जागा फार लागते. पुढे १९५९-६० च्या सुमारास अमेरिकेत सिडनी लोब आणि मूळचे भारतीय असलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी असा पातळ पडदा तयार केला, की दाबाखाली पाणी त्यातून पार व्हावे आणि क्षार बहुतांशी मागे राहावेत. घरोघरी ज्याला आज आर. ओ. म्हणतात त्याचे मूळ हेच. दुसरी पद्धत विजेच्या ओढीची आहे. पाण्यात विरघळलेले क्षार विद्युतभारित कणांच्या रूपात असतात. दोन्ही बाजूंस विजेच्या पट्ट्या व मध्ये निवडक पडदे ठेवले, की कण आपापल्या बाजूस ओढले जातात आणि मधले पाणी गोडे होते. पहिल्या पद्धतीत पाणी ढकलावे लागते, दुसरीत केवळ क्षार ओढावे लागतात. त्यामुळे समुद्राच्या पाण्यापेक्षा मचूळ विहिरीच्या पाण्यास दुसरी पद्धत विशेष सोयीची पडते.

या दुसऱ्या पद्धतीशी महाराष्ट्राचा जवळचा संबंध आहे. २०१५ साली अमेरिकन सरकारच्या मदतसंस्थेने मचूळ पाणी गोडे करण्याच्या यंत्रांची स्पर्धा न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे घेतली. तीत जळगावची जैन इरिगेशन आणि अमेरिकेतील एम. आय. टी. यांच्या संयुक्त तुकडीस पहिले पारितोषिक मिळाले. त्यांचे यंत्र सौरविजेवर, याच ओढीच्या पद्धतीने चालणारे होते. त्याच विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या यंत्रात तर साठवणीच्या बॅटऱ्यांची गरजच जवळजवळ राहिलेली नाही. ऊन जसे वाढते वा ढगाआड जाते, तसा यंत्राचा वेग सेकंदाला तीन ते पाच वेळा आपोआप बदलतो. सहा महिन्यांच्या चाचणीत पट्ट्यांनी दिलेल्या विजेपैकी सरासरी ९४ टक्क्यांहून अधिक वीज कामी आली आणि दिवसाला ५,००० लिटरपर्यंत पाणी मिळाले.

येथे एक हिशेब मांडणे आवश्यक आहे, कारण हा आकडा ऐकून माझ्या परिचयाच्या एका तरुण बागायतदाराने, "मग असलं एक यंत्र उसालाच बसवू की," असे म्हटले होते. एक हेक्टर रानावर एक सेंटिमीटर पाणी उभे करावयाचे तर १ लाख लिटर लागतात. आठ सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे ८ लाख लिटर. दिवसास ५,००० लिटर देणाऱ्या यंत्रास ती एक पाळी भरण्यास १६० दिवस लागतील, आणि तोवर ऊस थांबणार नाही. हे पाणी पिण्यास, दुभत्या जनावरांस, ऊसरोपांच्या वाटिकेस आणि फार तर फवारणीचे औषध कालविण्यास वापरावे. उसाच्या पाटात सोडण्यासाठी ते नव्हे.

आता देखरेखीकडे वळू. पाण्यातील क्षार मोजण्याची सोपी रीत म्हणजे त्यातून वीज किती सहज वाहते हे पाहणे. या विद्युतवाहकतेचे माप डेसीसायमन प्रति मीटर असे आहे. पुढे त्यास केवळ 'एकक' म्हणू. सामान्यतः एक एकक म्हणजे लिटरमागे सुमारे ६४० मिलिग्रॅम क्षार. ०.७ एककापर्यंतचे पाणी बागायतीस निर्धास्त द्यावे, तीन एककांपुढचे पाणी देणे जोखमीचे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असावेत आणि दुसरी सोय नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावेत, असे भारतीय मानक आहे. वाहकता तापमानाबरोबर अंशाला सुमारे दोन टक्क्यांनी बदलते. म्हणून चांगले मापक आपला आकडा २५ अंश तापमानास जुळवून देते. स्वस्त मापक घेताना ही एक गोष्ट अवश्य विचारावी.

यंत्रावर असे मापक, पाण्याचा प्रवाह व दाब मोजणारी उपकरणे आणि सौरपट्ट्यांची वीज मोजणारे उपकरण बसवून त्यांचे आकडे एका पेटीत जमा करतात. पेटीत मोबाईलसारखेच सिमकार्ड असते. त्यावरून आकडे ठराविक अंतराने दूरच्या संगणकावर जातात आणि तेथून कोणाही जबाबदार माणसाच्या फोनवर दिसतात. अशी पेटी अनेक शेतकऱ्यांनी पाहिलेली आहे. २०१९ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कुसुम योजनेतील सौरपंपांबरोबर ती येते, आणि राज्यात २०२४ पासून 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून पंप बसू लागल्यावर ती गावोगाव पोहोचली आहे. पंप किती वेळ चालला, वीज किती झाली, पाणी किती निघाले हे ती सांगते. म्हणजे पाणी किती हे कळते, पाणी कसे हे कळत नाही. (सौरपंपाचे पाणी फुकट वाटते म्हणून ते रात्रंदिवस चालविता येत नाही हे खरे, परंतु दिवसभर चालविले तरी भूजल वर आणण्यास पुरेसे होते. असो.)

गोडे पाणी करणाऱ्या यंत्राचे आकडे वाचणे हे वैद्याने नाडी पाहण्यासारखे आहे. प्रवाह उतरत चालला व दाब चढत चालला तर पडद्यावर गाळ वा चुना बसत आहे. प्रवाह ठीक, पण गोड्या पाण्याची वाहकता एकाएकी चढली तर पडदा फाटला किंवा सांध्याची रबरी कडी निसटली. ऊन कडक असून वीज कमी येत असेल तर पट्ट्यांवर धूळ आहे. गुऱ्हाळे व वीटभट्ट्या जवळ असतील तेथे तर काजळीही असते. पडदा चोंदण्याची क्रिया आठवड्यांमागून आठवडे चालते आणि वेळीच धुतला तर तो वाचतो. मैलोगणती दूर असलेल्या कारागिरास हे आकडे दिसले, तर तो पडदा बदलण्याऐवजी धुण्यास येतो. गावाच्या खर्चाचा फरक एवढ्यावर आहे.

दिवसाच्या सरासरीवर मात्र विसंबू नये. दाबाच्या पद्धतीत सकाळचे कोवळे ऊन असते तेव्हा दाब कमी पडतो. पाणी थोडे येते, पण क्षार पडद्यातून आपल्या गतीने येतच राहतात. म्हणून सकाळचे पहिले पाणी दुपारच्या पाण्यापेक्षा खारट असते. सरासरी काढली, की दुपारच्या भरपूर गोड्या पाण्यात तो दोष बुडून जातो आणि सकाळी आठला घागर भरणाऱ्या बाईची तक्रार खोटी ठरते. तिची जीभ खरी असते. आकडे तासातासाचे, शक्य तर पंधरा मिनिटांचे मागावेत आणि पहिले पाणी आपोआप बाजूस वळविणारी झडप बसवून घ्यावी.

गतवर्षी उन्हाळ्यात एका गावी मला असे यंत्र पाहण्यास बोलाविले होते. गावाचे व यंत्र बसविणाऱ्यांचे नाव येथे देण्याचे कारण नाही. खोली स्वच्छ होती, चालकाने फोन उघडून दाखविला, सर्व आकडे हिरवे होते आणि पाणी चवीस उत्तम होते. मी निघालो तेव्हा खोलीच्या मागच्या बांधावर एक वयस्क शेतकरी उभे होते. ते एवढेच म्हणाले, "साहेब, गोडं पाणी गावाला आणि खारं माझ्या बांधाला." मागच्या बाजूस एक नळी चरात सोडलेली होती व तो चर त्यांच्या उसाच्या कडेने जात होता. पिशवीतील मापक त्या चरात बुडविले. आकडा जवळजवळ सहा एकक आला. कडेच्या दोन सऱ्यांतील उसाची पाने टोकाकडून करपली होती. यंत्रावर पाच मापके होती, परंतु या नळीवर एकही नव्हते.

घरी येऊन मी हिशेब केला. त्या विहिरीच्या पाण्यात लिटरमागे सुमारे २,००० मिलिग्रॅम क्षार होते. निम्मे पाणी गोडे होऊन निम्मे टाकाऊ जाते असे धरले, तर ५,००० लिटर गोड्या पाण्यासाठी १०,००० लिटर उपसावे लागते. त्यात क्षार २० किलो. गोड्या पाण्यात लिटरमागे ३०० मिलिग्रॅम राहिले तर दीड किलो गेले. उरलेले साडेअठरा किलो टाकाऊ पाण्याबरोबर चरात. वर्षात ३०० दिवस यंत्र चालले तर साडेपाच टन मीठ, आणि तेही एकाच कोपऱ्यात. मुळांभोवतीच्या मातीच्या अर्काची वाहकता १.७ एककाच्या पुढे गेली, की पुढील प्रत्येक एककामागे उसाचे उत्पन्न सुमारे सहा टक्क्यांनी घटते. ज्या तालुक्यात नळ्या घालून जमिनीतील मीठ बाहेर काढले जात आहे, त्याच तालुक्यात दुसऱ्या नळीने ते परत सोडावे, हे मला तरी पटत नाही.

टाकाऊ पाण्याची विल्हेवाट सोपी नाही, हे मान्य केले पाहिजे. उघड्या खड्ड्यात ते वाळविण्याची रीत कोरड्या मुलखात चालते. आपल्याकडे पावसाळ्यात तो खड्डा भरून वाहील आणि साठलेले सर्व मीठ एका दिवसात शेजाऱ्याच्या रानात जाईल. खड्डा करावयाचाच तर तळाशी जाड कागद, भोवती उंच बांध आणि पावसाळ्यात वर आच्छादन हवे. काही पाणी शौचालयास व फरशी धुण्यास वापरता येते. पावसाळ्यात नदीचे किंवा पावसाचे पाणी मिळत असेल तेव्हा यंत्र कमी चालवावे. जमिनीखालच्या निचरा नळ्यांच्या मुख्य चरात सोडण्याचा मार्ग काही गावांना आहे. पण तो चर शेवटी नदीस मिळतो आणि नदीकाठी खाली दुसरे गाव आहेच. कोणताही मार्ग घेतला तरी त्या नळीवर एक प्रवाहमापक व एक वाहकतामापक असावे आणि त्यांचे आकडे गोड्या पाण्याच्या आकड्यांशेजारीच फोनवर दिसावेत. यंत्र बसविण्याच्या करारात ही अट पहिल्या दिवशीच लिहून घ्यावी. मागाहून कोणी बसवून देत नाही. सिमकार्डाचे पैसे दरवर्षी कोणी भरावयाचे हेही तेथेच लिहावे, कारण मुदत संपलेली पेटी भिंतीवर केवळ शोभेस राहते.

पेटी व पट्ट्यांची तारजोडणी २०१९ च्या पूररेषेच्या वर असावी हे शिरोळच्या लोकांना सांगणे न लगे. २०२१ साली पुन्हा पूर आला तेव्हा ज्यांनी मोटारी वेळेवर वर काढल्या, त्यांना दोन हात उंचीचे महत्त्व माहीत आहे.

त्या गावी मी पुन्हा दिवाळीनंतर गेलो. नळीवर मापक बसले होते आणि पाणी आच्छादित टाकीत जात होते. कडेच्या दोन सऱ्या शेतकऱ्यांनी मोडून तेथे ताग पेरून गाडला होता व निचऱ्यासाठी नवा चर खणला होता. त्या मातीचा नमुना मी तपासणीस आणला आहे. चालकाने यंत्राच्या खोलीच्या दारावर खडूने रोजचे दोन आकडे लिहिण्यास सुरुवात केली आहे, एक गोड्या पाण्याचा व एक टाकाऊ पाण्याचा, आणि ते वयस्क शेतकरी सकाळी दूध घालून परतताना दोन्ही वाचून पुढे जातात.