‘वांझ’ म्हणण्याआधी नवऱ्याची तपासणी करा

वंध्यत्वावर मोठ्या वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून लेख येत असतात. कारणे ठरलेली : उशिरा लग्न, करिअर, ताणतणाव, बाहेरचे खाणे, वाढलेले वजन. ही कारणे खोटी नाहीत. पस्तिशीनंतर गर्भ राहण्याची शक्यता झपाट्याने घटते आणि वजन फार वाढले किंवा फार उतरले तरी बीज वेळेवर तयार होत नाही, हे वैद्यकशास्त्र सांगते. पण त्या लेखांतली बाई आपल्या वस्तीतली नसते. तिला जीवनशैली निवडता येते. आमच्या माता-भगिनींनी कोणती शैली निवडली? सोळाव्या-सतराव्या वर्षीचे लग्न काय त्यांनी निवडले? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. पुरोगामी महाराष्ट्र!

गरीब बाईच्या बाबतीत पुष्कळदा दुखणे असते ते गर्भनलिकांचे. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते. ती लाजेने सांगत नाही, सांगितले तरी रोजगार बुडवून दवाखान्यात कोण नेणार? कधी हा संसर्ग नवऱ्याकडूनच आलेला असतो, कधी अडाणी हातांनी केलेल्या गर्भपातातून किंवा बाळंतपणातून. वेळेवर साध्या गोळ्यांनी बरा झाला असता असा आजार आत पसरतो, नळ्या चिकटतात आणि बीज गर्भाशयापर्यंत पोचतच नाही.

क्षयाचेही तसेच. क्षय म्हटला की आपल्याला छाती आठवते. पण तोच जंतू रक्तावाटे गर्भनलिकांत जाऊन बसतो. खोकला नाही, ताप नाही. कित्येकींना मूल होत नाही म्हणून तपासणी केली तेव्हाच त्याचा पत्ता लागतो. कोंदट खोली, दाटीवाटी आणि अर्धपोटी शरीर मिळाले की क्षय फोफावतो. अशा खोल्यांत पिढ्यान् पिढ्या कोणाला राहावे लागले, हे वाचकांना सांगायला नको. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, पण एकदा खराब झालेली नळी औषधाने बहुधा मोकळी होत नाही.

मिश्रीची सवय मात्र आपली आपणच जोपासली, तिचे खापर मनूवर फोडता येणार नाही. दात घासायच्या निमित्ताने दिवसातून चार वेळा भाजलेली तंबाखू तोंडात जाते. तंबाखूने बीजांवर परिणाम होतो, गर्भपाताचा धोका वाढतो. आई लावते म्हणून पोरगीही लावते.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांचे प्रकरण गाजले. शासनाच्या पाहणीत ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. फडात संडास नाही, पाणी नाही. पाळीत एक दिवस बसले तरी खाड्याचा दंड. पोटात दुखते म्हणून गेलेल्या बाईला ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळाला. लवकर लग्न, लवकर मुले, मग पिशवीचे काम संपले, असा हा हिशेब. नंतर मूल गेले किंवा दुसरा संसार मांडावा लागला, तर तिने काय करावे?

बाबासाहेबांच्या वतीने १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव पी. जे. रोहम यांनी मांडला होता. तो फेटाळला गेला. पुढे सरकारला कुटुंब नियोजन पटले, पण त्याचे ओझेही बाईच्याच अंगावर पडले. नसबंदीच्या शिबिरांतल्या रांगा पाहा, पुरुष किती सापडतात?

मूल न होण्याच्या बाबतीतही तेच. साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या दोषाचा वाटा असतो. तरी उपवास बाईने करायचे, भगताकडे तिनेच जायचे, बारशाला तिलाच बोलावायचे नाही आणि सवत तिच्याच उरावर आणायची. जोतीराव आणि सावित्रीमाईंना मूल नव्हते. जोतीरावांनी दुसरे लग्न केले नाही. काशीबाई या ब्राह्मण विधवेचा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. त्यांचा फोटो घरात लावणाऱ्या किती जणांनी सुनेला दवाखान्यात नेण्याआधी मुलाला नेले?

वीर्यतपासणी ही या प्रकरणातली सर्वांत सोपी तपासणी. दोन ते सात दिवस संबंध टाळायचा आणि नमुना द्यायचा. सुई नाही, भूल नाही, खर्च काही शे रुपयांचा. वर्षभर एकत्र राहूनही दिवस गेले नाहीत, तर नवरा-बायकोने एकाच दिवशी दवाखाना गाठावा. बाई पस्तिशीच्या पुढची असेल तर सहा महिन्यांतच. आणि केसपेपर काढताना पहिले नाव नवऱ्याचे लिहावे.