बालकांमधील दुभंगलेली टाळू : शस्त्रक्रिया आणि वाचा

हिंगोलीसारख्या ग्रामीण जिल्ह्यात दुभंगलेल्या टाळूचे खापर अनेकदा ग्रहणावर फोडले जाते आणि ओठ शिवला की व्यंग सरले, असे मानले जाते. वस्तुतः टाळूची शस्त्रक्रिया म्हणजे केवळ फट बुजविणे नव्हे. मृदू टाळू उचलणारे स्नायू या दोषात मध्यभागी न जुळता कठीण टाळूच्या मागील कडेला चिकटलेले असतात. बोलताना नाकाची वाट बंद होत नाही. बालक ‘बाबा’ म्हणते, ऐकणाऱ्यास ‘मामा’ ऐकू येते.

जर्मन शल्यविशारद लांगेनबेक यांच्या १८६१ च्या पद्धतीत दोन्ही बाजूंचे आवरण हाडापासून सोडवून मध्यभागी सांधतात. फट मिटते, परंतु टाळूची लांबी फारशी वाढत नाही. अमेरिकन शल्यविशारद फर्लो यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत मृदू टाळूच्या तोंडाकडील व नाकाकडील थरांवर परस्परविरुद्ध ‘झेड’ आकाराचे छेद घेतात. स्नायू आडवे जुळतात, टाळूही लांबते. फट फार रुंद असल्यास मात्र टाक्यांवर ताण येतो.

शस्त्रक्रिया साधारणतः ९ ते १८ महिन्यांच्या वयात, वाचा रुजण्यापूर्वी, व्हावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३) हा दोष समाविष्ट आहे. तथापि अखंड ओठाआडची फट तोंडात बॅटरीचा प्रकाश टाकल्याखेरीज दिसत नाही.