शाळेचा टक्का वाचायचा कसा?

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत कर्जाचा विषय संपला की हमखास निघणारा विषय म्हणजे गावची शाळा. "जिल्हा परिषदेच्या शाळेत आता उरलंय कोण?", "यंदा तिसरीच्या पोरांना वाचताच येत नाही म्हणे." मग कुणी म्हणतं, इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवून टाकू. फी साठी पुन्हा गटातूनच कर्ज. म्हणून ठरवण्याआधी शाळेचे आकडे नीट वाचायला शिकू या.

लहान शाळेत टक्का फसवतो

आपल्या गटात १० जणी आहेत. एकीचं ऑपरेशन झालं, तिचा हप्ता थांबला. त्या महिन्याची परतफेड ९० टक्के झाली. दोघींचा थांबला तर ८० टक्के. म्हणून काय आपला गट वाईट झाला? नाही ना! आपण वही उघडतो आणि नावानुसार बघतो, कुणाचा हप्ता का थांबला.

शाळेचंही तसंच आहे. समजा, तिसरीच्या वर्गात ५ मुलं आहेत. गेल्या वर्षी ५ पैकी ४ जणांना गोष्ट वाचता येत होती, म्हणजे ८० टक्के. यंदा ५ पैकी २, म्हणजे ४० टक्के. ऐकणाऱ्याला वाटतं, शाळा निम्म्यावर आली. खरं तर फरक फक्त दोन मुलांचा आहे, आणि यंदाची ५ मुलंही वेगळीच आहेत. म्हणून लहान शाळेत टक्का विचारू नका, नावं विचारा.

पटावर कोण आहे?

आता त्या न वाचणाऱ्या तिघांकडे बघू. एक मुलगा आई-बापासोबत ऊसतोडीला गेला, नोव्हेंबर ते मार्च शाळेतच नव्हता. दुसरी मुलगी तांड्यावरची, घरी गोरमाटी बोलते. पुस्तकातली मराठी तिच्यासाठी नवी भाषा आहे. तिसरा मुलगा मात्र रोज शाळेत येतो, घरी मराठीच बोलतो, तरी वाचत नाही.

तिघांचं उत्तर एक नाही. पहिल्याला हंगामी वसतिगृह हवं, किंवा तिथल्या शाळेत नाव घालायला शिक्षण हमी पत्रक. लक्षात ठेवा, दाखला यायला उशीर झाला म्हणून कुठलीही सरकारी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. दुसरीला तिच्या बोलीतून सुरुवात करून देणारं कुणीतरी हवं. तांड्यावरची शिकलेली ताई आठवड्यातून दोन दिवस गेली तरी चालेल. तिसऱ्याबद्दल मात्र गुरुजींना सरळ विचारायचं. तो प्रश्न शाळेचाच आहे.

आणखी एक बघा. ज्यांना फी परवडते ती मुलं गाडीत बसून जातात. मागे राहतात मजुरांची, स्थलांतर करणाऱ्यांची मुलं, आणि पुष्कळदा मुली. एकाच घरात मुलगा इंग्रजी शाळेत आणि मुलगी जिल्हा परिषदेत, हे आपण पाहतोच. मग दोन्ही शाळांच्या निकालाची तुलना करणं म्हणजे बागायती आणि कोरडवाहूचा उतारा एका काट्यावर तोलणं. विचारायचं ते असं: हे मूल जूनमध्ये कुठे होतं आणि मार्चमध्ये कुठे पोचलं?

पट घटला की काय होतं?

शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत २ शिक्षक असतात. म्हणजे दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता. एका वर्गाला शिकवताना दुसरा वर्ग आपापलं लिहीत बसतो. एक शिक्षक मीटिंगला गेला तर सगळी शाळा एकाच्या अंगावर. ३० सप्टेंबरचा पट धरून शिक्षकांची पदं ठरतात. पट फारच कमी झाला तर शाळा दुसरीकडे जोडण्याची चर्चा सुरू होते. २०२३ मध्ये राज्यात समूह शाळांचा विषय निघाला, तेव्हा २० पेक्षा कमी पटाच्या सुमारे १५ हजार शाळा होत्या. शाळा लांब गेली की आधी कुणाचं नाव कमी होतं, हे तुम्हाला सांगायला नको. मुलीचं.

घरी तपासा

स्वतःला वाचता येत नसलं तरी हे जमतं. मुलाला मोठ्याने वाचायला सांगा. आधी अक्षर, मग शब्द, मग पहिलीच्या पुस्तकातला परिच्छेद, मग दुसरीच्या पुस्तकातली गोष्ट. कुठे अडतंय ते कानाला कळतं. वाचून झाल्यावर गोष्ट सांगायला लावा, म्हणजे पाठांतर आहे की समज ते कळेल. हिशेबासाठी किराणा पुरे: "४७ रुपयांचं सामान झालं, ८० दिले, परत किती?" 'असर'चे कार्यकर्ते गावोगाव वाचन जवळपास असंच तपासतात.

शाळेत विचारा

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण निम्म्या महिला. म्हणजे आपल्या गटातली कुणीतरी तिथे असणारच. नुसती सही करून येऊ नका, हे चार प्रश्न विचारा:

१. प्रत्येक इयत्तेत किती मुलं, त्यात मुली किती?
२. कोणती मुलं महिन्यात १० दिवसांहून जास्त गैरहजर होती, आणि का?
३. कोणाला अजून वाचता येत नाही? त्या मुलासाठी काय चाललंय?
४. शिक्षकांची मंजूर पदं किती, भरलेली किती?

उत्तरं वहीत लिहा. तीन महिन्यांनी तीच वही घेऊन पुन्हा तेच विचारा. गुरुजींची उलटतपासणी घ्यायची नाही. एकटे चार वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकालाही कुणीतरी विचारतंय याचा आधारच वाटतो.

सगळं पाहूनही शाळा बदलावीशी वाटली तर जरूर बदला, तो तुमचा हक्क आहे. पण कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी ही वही एकदा उघडा. पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत 'शाळा' हा विषय लिहून घ्या. मी येतेच आहे, चारही प्रश्नांची उत्तरं सोबत आणा.